चुकलेला चेंडू

गेल्या मे महिन्यात चार दिवस वास्कोला साडूंकडे गेलो होतो. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत गाडी निघाली, तरी माझी तेरा वर्षांची मुलगी माझ्याशी बोलेना. काय सांगायचे ते आईला, तेही कन्नडमध्ये. कारण मला ठाऊक होते.

शाळेच्या बास्केटबॉल संघात तिची निवड झाली, तेव्हा मला कोण आनंद झाला! मी स्वतः कॉलेजात खेळलेलो. रोज संध्याकाळी तिच्या मागे उभा राहायचो. ‘कोपर आत घे’, ‘किती वेळा सांगायचं?’ एका सामन्यात तिचे दोन फ्री थ्रो हुकले आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो. दुसऱ्या दिवशी चेंडू माळ्यावर गेला.

वास्कोला सुट्टीतल्या एका शिबिरात चेंडू परत फेकणारे यंत्र भाड्याने आणले होते. मावशीने तिला ओढतच नेले. बास्केटभोवती उंच जाळे. चेंडू आत पडो वा न पडो, जाळ्यातून घरंगळत यंत्रात येतो आणि यंत्र तो पुन्हा खेळाडूकडे फेकते. वरचा कॅमेरा चेंडू किती अंशांनी उतरला ते पडद्यावर दाखवतो. मुलीचा आकडा आला 34.

साडूंच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने मला कागदावर गणित मांडून दिले. कडी 3.05 मीटर उंच, तिचा व्यास 45 सेंटिमीटर. मुलींचा चेंडू सुमारे 23 सेंटिमीटरचा. जागा भरपूर वाटते. पण चेंडू 30 अंशांनी सपाट आला, तर त्याच्या वाटेवरून कडीचे तोंड साडेबावीस सेंटिमीटरच उरते. 45 अंशांनी उतरला, तर जवळजवळ 32. म्हणजे मी वर्षभर कोपर-कोपर करत बसलो आणि खरी अडचण चेंडूच्या उंचीची होती!

तासाभरात तिचा आकडा चाळिशीच्या पुढे गेला. रात्री जेवताना ती आपणहून बोलली, “अप्पा, ते मशीन चुकलं तरी बॉल परत देतं.”

माझा घास हातातच राहिला. वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला मी पुन्हा कधी प्रश्न विचारतो का, हेही तेव्हाच मनात आले.

भाच्याने मग विषय हलका केला. आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा 2014 साली पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा विषय पालकत्वाचा होता. पालक-रोबोने बाल-रोबोला झोपाळ्यावर, सी-सॉवर खेळवायचे. 2025 साली मंगोलियात, उलानबातरला, विषय होता बास्केटबॉल. “काका, आधी पालक व्हायचं, मग बास्केटबॉल!” तो म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो.

त्यानेच जपानच्या टोयोटा कंपनीच्या ‘क्यू’ या रोबोची गोष्ट सांगितली. 2019 साली त्याने ओळीने 2,020 फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकले. गिनेस बुकात नोंद आहे. पण मला त्यातली एक गोष्ट जास्त आवडली. त्याच्या हातात चेंडू द्यायला शेजारी माणूस उभा होता.

बेळगावला परतल्यावर मी माळ्यावरून चेंडू काढला, हवा भरली आणि काही न बोलता दारात ठेवला. दोन दिवसांनी ती तो घेऊन निघाली. मी विचारले, “येऊ का? फक्त बॉल परत द्यायला.” तिने मान हलवली.

आता संध्याकाळी मी कडीखाली उभा असतो. बायको पायरीवर बसून ‘ओंदु, एरडु, मूरु’ मोजते. बोलायचे नाही, असे मी स्वतःशी ठरवले आहे आणि खरे सांगायचे तर जीभ चावूनच उभा राहतो. परवा सलग पाच चेंडू कडीला आपटले. ती थांबली. “अप्पा, कमी का पडतोय?”

यंत्राने तिला आकडा दाखवला होता. ‘का’ विचारायला ती माझ्याकडे आली होती. “दमलीयस. गुडघे वाकत नाहीत, म्हणून सगळा जोर हातावर येतोय,” मी म्हणालो आणि गप्प बसलो.

पुढचा चेंडूही हुकला, गटारापाशी गेला. मी आणायला धावलो.