चढत्याला आधी वाट

बेळगावाहून गोव्याला उतरायच्या नेहमीच्या वाटा दोन. एक जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याची, दुसरी रामनगरहून अनमोडची. भाजी, दूध गोव्यात पोचतं ते मुख्यतः याच वाटांनी. पावसाळ्यात दरड आली, रस्ता बंद झाला, की पणजीच्या बाजारात आपली किंमत कळते म्हणतात!

आमच्या गल्लीतल्या एका मामांनी तीस वर्षं या घाटांत मालट्रक चालवला. त्यांना कायद्याचं विचारलं की ते आधी परमिटाचं सांगतात. २०१० पूर्वी नॅशनल परमिट घ्यायचं तर आपलं धरून किमान चार राज्यं निवडायची, आणि ज्याचा त्याचा कर वेगळा भरायचा. २०१० मध्ये सगळ्या देशासाठी एकच शुल्क आलं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराच्या नाक्यांवरच्या रांगा गेल्या. २०१८ मध्ये दहाचाकी गाडीचं मालासह वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेलं. "कागद हलका झाला सर, गाडी जड झाली," मामा म्हणतात. घाट मात्र होता तेवढाच उभा आहे.

नाक्यावर परमिट बघतात, विमा बघतात, काट्यावर वजन करतात. उतरताना गाडी कुठल्या गिअरमध्ये होती, हे कोण बघणार? आणि सगळी मेख तिथंच आहे. खेपेमागे डिझेल ठरवून दिलेलं असतं. वाचलं तर ड्रायव्हरचे चार पैसे. म्हणून उताराला न्यूट्रल मारायचा मोह होतो. मग गाडी धरून ठेवायला इंजिन उरत नाही, सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास येतो, आणि पुढच्या वळणावर पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी छापून येतं, "ब्रेक निकामी झाल्याने". मला हे वाक्य अर्धवट वाटतं. ब्रेक आपोआप निकामी होत नाहीत. डिझेलचा हिशेब कुणी लावून दिला तेही कधी छापावं.

मामांचा नियम साधा. ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. दुसरा, चढत्याला आधी वाट. अरुंद जागी उतरणाऱ्यानं कडेला थांबावं, हे १९८९ च्या केंद्राच्या रस्ता-नियमांतही लिहिलेलं होतं. पण मामांच्या मते ते बैलगाडीच्या काळापासूनचं. भरली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा हलवणं कठीण. ती मागं सरकायला लागते, क्लीनर उडी टाकून चाकाखाली दगड लावतो, आणि तो दगड लावणारा पोरगा बहुधा सतरा-अठराचा असतो. नाक्यावर तीन भाषांतून वाद घालणारे ड्रायव्हर या जागी मात्र एका दिव्याच्या इशाऱ्यावर थांबतात. आपल्या भागात सावकाश, निधान, सवकास असे तीन शब्द आहेत, आणि घाटात तिन्ही कळतात.

आता मामांचा मुलगा चोर्ल्यानं भाजी नेतो. पहाटे केरीला उतरला की त्याचा फोन येतो. माल किती, भाडं किती, काही नाही. मामा एकच विचारतात, "वास आला काय रे?"

"नाही आला, बाबा."

मग मामी चहा ठेवतात.