गॉन होम आणि घरपट्टीची पावती

मागच्या शुक्रवारी रजा टाकून मालवणला गेलो होतो. फिरायला नव्हे. बाबांना गावच्या घराच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या हव्या होत्या. आजी गेल्यापासून घर बंदच असतं, गणपतीत पाच दिवस उघडतं तेवढंच, आणि आता बाबा आणि काका ते विकायचं म्हणतायत. बाबांचे गुडघे दुखतात, काकांना वेळ नाही, मग काय, आयटीवाला आहेच रिकामा. "ट्रंकेत असतील, नाहीतर माळ्यावर," एवढंच सांगितलं. (रिक्वायरमेंट म्हणून आमच्या क्लायंटपेक्षा बरंच स्पष्ट होतं म्हणा.)

कुडाळला उतरून एसटी, पुढे रिक्षा. कुलपाशी झटापट चालू होती तोवर शेजारच्या काकी आल्याच. "कधी इलंस? एकटोच?" हो म्हटलं, तर जरा वाईट वाटल्यासारखं करून गेल्या आणि रात्री सोलकढी-भात पाठवून दिला. नेटवर्क फक्त खळ्यात, तेही तुळशीजवळ उभं राहिलं तर. टीव्ही आजीच्या काळापासून बंद. मग लॅपटॉप काढला आणि सेलमध्ये घेऊन ठेवलेला गॉन होम सुरू केला.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१३ साली आलेला गेम, करणारी टीम अगदी छोटी, अमेरिकेतल्या पोर्टलंडची. कथा ७ जून १९९५ च्या रात्रीची. केटी नावाची मुलगी वर्षभर युरोपात फिरून घरी येते, बाहेर वादळ, आणि घरात कोणीच नाही. दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी, की मी कुठे गेले ते शोधत बसू नकोस. संपला गेम! म्हणजे बंदूक नाही, शत्रू नाही, लेव्हल नाही. आपण फक्त घरभर फिरायचं, खण उघडायचे, कागद वाचायचे. दोन-तीन तासांत होतो. आला तेव्हा याला गेम म्हणायचं का यावरून लोक हमरीतुमरीवर आले होते, 'चालण्याचा सिम्युलेटर' म्हणून टिंगलही झाली.

मी खेळलो तो रात्री दहानंतर, मंगलोरी कौलांखाली, एकटा. बाथटबमध्ये लाल डाग दिसतो तिथे माझी चांगलीच तंतरली होती (केसांचा रंग निघाला), आणि नेमका त्याच वेळी आमच्या माळ्यावरून उंदीर धावला. भूत नाही, एवढं सांगून ठेवतो. बाकी कथा सांगत नाही, पण तिची पद्धत सांगायला हवी. गेम तुम्हाला काहीच समजावत नाही. एका खोलीत एक कागद, दुसऱ्या खोलीत दुसरा. मधली गोष्ट तुम्ही जुळवायची. वडील कादंबरीकार, त्यांच्या कथा फिरून फिरून १९६३ सालातच का जातात, हे मला तळघरात गेल्यावर कळलं. आणि एक गंमत: उचललेली वस्तू होती तिथेच परत ठेवायची सोय आहे. त्याचे पॉइंट-बिइंट काही नाहीत. तरी मी प्रत्येक वस्तू परत ठेवत होतो. कोण बघतंय?

सकाळी ट्रंक उघडली. पावत्या वरच मिळाल्या, पाच मिनिटांत. खरं तर तिथेच थांबायचं. पण रात्रभर दुसऱ्यांचे खण उचकल्यावर हात थांबतो होय! खाली सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. मनीऑर्डरची कूपनं. (पोस्टाची ती जुनी सेवा २०१५ साली बंद झाली. फॉर्मच्या तळाशी दोन ओळी मजकुराला जागा असायची, तो तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा.) आजोबा लालबागला गिरणीत होते. दर महिन्याला दोनशे रुपये, आणि मजकूर जवळजवळ तोच: मी खुशाल, मुलांस जपणे. आजीने तारखेवार लावून ठेवलेली.

शेवटचं कूपन जानेवारी १९८२ चं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं, दत्ता सामंतांचा तो संप. हे शाळेत नाही, पण घरात ऐकलेलं. आजोबा त्यातच गावी परतले आणि पुन्हा गेले नाहीत, एवढं ठाऊक होतं. पण गठ्ठा तिथे संपत नव्हता. जुलै १९८२ पासून पुन्हा कूपनं. साठ रुपये. पंच्याहत्तर. पुन्हा साठ. अक्षर वेगळं, आणि तो 'श' मी कुठेही ओळखेन, माझ्या वह्यांवर नाव बाबाच घालायचे. पाठवणाऱ्याचा पत्ता दादरच्या एका हॉटेलचा, आणि मजकूर: कॉलेज ठीक चालले आहे, काळजी नसावी.

बाबा तेव्हा अठरा वर्षांचे. कॉलेज का सोडलंत विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मला अभ्यासात रसच नव्हता." माझ्या इंजिनिअरिंगच्या चौथ्या सेमला तीन विषय राहिले तेव्हा मी हेच वाक्य त्यांच्या तोंडावर मारलं होतं. "तुम्हाला तरी कुठे रस होता?" ते काही बोलले नाहीत. फी भरून आले.

तुळशीजवळ जाऊन फोन लावला. पावत्या मिळाल्या म्हणालो. "बरं. आणखी काय होतं ट्रंकेत?"

"मनीऑर्डरची कूपनं आहेत."

बराच वेळ नुसता समुद्रावरचा वारा. मग म्हणाले, "आईने ठेवली होती?"

"सगळी. तारखेवार."

"...पाऊस आहे का तिकडे?"

नाही म्हटलं. "बरं," म्हणाले. "पावत्यांची तशी घाई नाही. गणपतीत येतो मी, मग बघू."

पावत्या सॅकमध्ये टाकल्या. कूपनं त्याच क्रमाने लावून होती तिथे ठेवली. फक्त सुतळीची आजीची गाठ काही मला तशी मारता आली नाही.