तेलाच्या गावाची तोंडी बखर

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी आमच्या विषयाबाहेरचे काहीतरी वाचायचे ठरवले आणि शेवटी आमच्याच विषयात येऊन पोहोचलो.

अमेरिकेच्या दक्षिणेतील टेक्सास राज्यात, ब्यूमाँट गावाजवळ स्पिंडलटॉप नावाचा एक उंचवटा होता. १० जानेवारी १९०१ रोजी तिथल्या विहिरीतून तेलाचा फवारा उसळला. तो बंद करायला नऊ दिवस लागले. सुमारे १०,००० वस्तीचे गाव काही महिन्यांत ५०,००० च्या घरात गेले. अर्धशतकानंतर, १९५२ पासून, त्या दिवसांच्या साक्षीदारांच्या मुलाखती टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहासाठी ध्वनिमुद्रित झाल्या. मोडी बोटराइट आणि विल्यम ओवेन्स हे या कामातले प्रमुख. दोघेही भूगर्भशास्त्रज्ञ नव्हेत. इंग्रजीचे प्राध्यापक, लोकसाहित्याचे अभ्यासक. आम्ही ओढले गेलो ते यामुळे.

या आठवणींतून एक अख्खे गाव उभे राहते. वाळूच्या थरात विहिरीचे भोक टिकेना, तेव्हा हॅमिल बंधूंनी खड्ड्यातल्या पाण्यात गुरे फिरवून चिखल केला आणि तो आत सोडला. विषारी वायूने कामगारांची दृष्टी काही काळ जाई. एकाच खाटेवर पाळीपाळीने माणसे झोपत. पाणी इतके वाईट, की पोटे बिघडत. तेल तीन सेंटला पिंप आणि पाणी पाच सेंटला पेला, असेही सांगतात.

हे शेवटचे वाक्य इतक्या ठिकाणी भेटते, की त्याची जणू म्हण झाली आहे. मग हा पुरावा म्हणायचा की दंतकथा? बखरीला केवळ तारखांच्या तराजूत तोलू नये, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. १९०२ साली स्पिंडलटॉपने सुमारे पावणेदोन कोटी पिंपे तेल दिले. १९०४ पर्यंत उत्पादन दिवसाला १०,००० पिंपांवर आले. आकड्यांत ही उतरण दिसते. पाण्याच्या पेल्याची गोष्ट मात्र, ती तंतोतंत खरी असो वा नसो, तहान सांगते.

अर्थात या बखरीलाही कडा आहेत. ऐकू येणारे बहुतेक आवाज गोऱ्या पुरुषांचे आहेत. ज्यांना विहिरीवरच्या कुशल कामापासून दूर ठेवून माती खणायला लावले, त्या कृष्णवर्णीय मजुरांचा आवाज क्षीण आहे. कोणी विचारले, यावर कोण उरले हे ठरते.

इथे आम्हांला थांबावे लागले. आमच्यापैकी एकाचे वडील मुंबईच्या गिरणीत, साचेखात्यात होते. १९८२ च्या संपाच्या ठरलेल्या चार गोष्टी ते पुन्हापुन्हा सांगत. मुलगा एम.ए. झाला आणि त्यांच्या तारखा दुरुस्त करू लागला. हळूहळू त्यांनी सांगणे सोडले. आता ते नाहीत. घरात त्यांचे गिरणीचे ओळखपत्र आहे, आवाज नाही.

यंदा आम्ही विद्यार्थ्यांना घरातल्या एका वृद्ध माणसाची आठवण ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितली आहे. सूचना एकच दिली: बोलणे चालू असताना चूक काढायची नाही.