पायथ्याचें बिऱ्हाड

नेरळास उतरणारा प्रवासी १९०७ सालीं सुरू झालेली माथेरानची छोटी आगगाडी पाहूं लागतो. आम्हां उभयतांना मात्र प्रथम घोडे आठवतात. वर मोटारींना बंदी, म्हणून दस्तुरी नाक्यापुढें माणसें अन् ओझीं अजूनहि घोड्यांच्या पाठीवरून जातात. तेथें राबून थकलेली एक घोडी आम्हीं पायथ्याशीं आणून ठेविली आहे. पहाटे तिला खरारा करावा, खुरांतले खडे काढावे, चंदीचा तोबरा चढवावा. तोंवर सौभाग्यवतीनें कुत्र्याची भाकरी व मांजरांचें दूध उरकलेलें असतें.

घोड्याला ओकारी होत नाहीं. त्यामुळें त्याचा पोटशूळ जिवावरचा. गेल्या श्रावणांत दावें तोडून तिनें कोवळें गवत अतोनात खाल्लें व ती लोळूं लागली. डॉक्टर येईपर्यंत आम्हीं विजेरी घेऊन, भर पावसांत, आळीपाळीनें तिला हळूहळू चालविलें. उजाडतां तिनें लीद टाकली, तेव्हां दोघांच्याहि डोळ्यांत पाणी आलें.

त्याच दिवशीं पुण्यास भाचीची पहिली मंगळागौर होती, ती चुकली. बहीण अद्याप रुसलेली आहे. मोकळीक हवी म्हणून आम्हीं शहर सोडलें. आतां गांवाबाहेर एका वेळीं एकानेंच जावयाचें, असा घरचा नियम झाला आहे. तो मोडावा असें मात्र दोघांनाहि वाटत नाहीं.