वंशावळीतल्या लेकी

2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्या विश्रांतवाडीतल्या सोसायटीत जो तो वंशावळीबद्दल विचारू लागला. इथले मूळ रहिवासी थोडेच. कुणी बीडचे, कुणी साताऱ्याचे, कुणाचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागलेले. जातपडताळणीला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मी निवृत्त शिक्षिका. शेजारच्या काकांची वंशावळ नीट लिहून दिली, आणि मग रविवारी संध्याकाळी चार-पाच घरं माझ्याकडे जमू लागली.

छापील कुलवृत्तांत आमच्यापैकी कुणाच्याच घराण्याचा नव्हता. नावं मात्र होती. तहसिलात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. त्याची जुनी पानं मोडीत. शाळेचं जनरल रजिस्टर. नाशिकला तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की वही निघते, आणि त्यात पूर्वी रामकुंडावर येऊन गेलेले आजे-पणजे सापडतात. सांगलीकडच्या एका घराचा तर हेळवी होता. सुगीनंतर तो नंदी घेऊन दारात यायचा, पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा, नवी नावं लिहून घ्यायचा आणि धान्य घेऊन जायचा.

यातली बहुतेक नावं पुरुषांची. एका रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “माझी आई कुठं लिहायची?” प्रतिज्ञापत्राच्या कागदावर तिला जागाच नव्हती. मला ते फार लागलं. त्या दिवसापासून आम्ही माहेरच्या बाजूचा वेगळा कागद केला, आणि खरी गर्दी तेव्हा झाली. बायका जावांना, नणंदांना घेऊन आल्या.

हे काम अवघड. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे शाळेत एक बाई आणि सातबाऱ्यावर दुसरीच. आम्ही दोन्ही नावं लिहितो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. त्यांच्या पणतवंडांना एवढं शोधावं लागणार नाही.

पणजीच्या माहेराशी मात्र बहुतेकांचा धागा तुटतो. आळंदीहून माउलींची पालखी आमच्याच रस्त्यानं पुण्यात जाते. दिंड्यांत गावाकडच्या म्हाताऱ्या असतात. त्यांना चहा देताना आम्ही विचारतो, अमक्याच्या घरातली ती कुठली हो? काकूंच्या पणजीचं माहेर असंच एका आजींकडून कळलं. गावाचं नाव कागदावर चढलंय. आता तिथल्या शाळेचं रजिस्टर बघायला जायचंय.