ओळखू लागला का?

घरात तान्हे मूल आले की पाहायला येणाऱ्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. वजन किती, रात्री झोपू देतो का, कोणाच्या वळणावर गेला आहे. दुसरा महिना सरत आला की हे सारे मागे पडतात आणि एकच प्रश्न उरतो. "ओळखू लागला का?" विचारणाऱ्या बाईंचा चेहरा अशा वेळी पाहण्यासारखा असतो. बाळाने आपल्याकडे पाहून एकदा हसावे, म्हणजे येण्याचे सार्थक झाले, अशी त्यांची माफक अपेक्षा असते. आणि बाळ नेमके त्याच क्षणी पंख्याकडे पाहून हसते!

मला या प्रश्नाची मोठी मौज वाटते. ओळखणे म्हणजे तरी काय? आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांना मी चाळीस वर्षे ओळखतो. पण त्यांच्या मनात काय चालले असते, याचा मला अद्याप पत्ता लागलेला नाही. उलट आईला ओळखायला मुलाला तीन दिवसही पुरतात. 1980 साली अमेरिकेत दोन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडी चोखणी दिली. चोखण्याच्या एका लयीला आईचा आवाज ऐकू यावा, दुसऱ्या लयीला परक्या बाईचा, अशी योजना केली. बहुतेक बाळांनी लय बदलून आईचाच आवाज मागून घेतला! पण आवाज ओळखणे निराळे आणि त्या आवाजामागचे माणूस ओळखणे निराळे. ते केव्हा, कसे घडते, याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर जरा अवचितच आली.

आमचा नातू पाच महिन्यांचा होता. एका सकाळी माझी सून चूळ भरायला गेली आणि पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळू लागले. डावा डोळा मिटेना. कपाळाला डावीकडे आठी पडेना. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की चेहऱ्याच्या नसेला सूज आली आहे, घाबरू नका. बहुतेकांचे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पूर्ववत होते. औषध लगेच सुरू झाले. दिवसा डोळ्यात थेंब घालायचे, रात्री पापणी चिकटपट्टीने बंद करायची. आळीतल्या बायकांनी मात्र "तोंडावरून वारं गेलं" असे निदान करून हळहळायलाही सुरुवात केली होती.

मुलगी तशी धीराची. पण तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की ती बाळाला मांडीवर घेते ती पाठमोरे. पाजताना ओढणी अशी ओढून घेते, की त्याला तिची हनुवटीसुद्धा दिसू नये. मी काही बोललो नाही. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, मी हसते ते दिसतच नाही हो. त्याला वाटेल, आई रागावलीय."

त्या वेळी माझ्या डोक्यात एक प्रयोग घोळत होता. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो 1978 साली प्रसिद्ध केला. आईने बाळाशी नेहमीसारखे खेळायचे, मग मान वळवून पुन्हा समोर पाहायचे, ते चेहरा दगडासारखा करून. दोनतीन मिनिटेच. बाळ आधी हसून पाहते. हात पुढे करते, निरनिराळे आवाज काढते. सारे उपाय थकले, की अंग मागे घेते, मान वळवते आणि खिन्न होऊन बसते. कोणाही आईच्या पोटात कालवाकालव व्हावी असा हा प्रयोग, आणि तो त्या दिवशी सुनेला सांगायचा? पण जसजसा मी विचार करू लागलो तसतसे मला वाटू लागले, की सांगायलाच हवा. त्या बाळांना खुपले ते काय? आईचे रूप नव्हे, हसूही नव्हे. आपण हाक दिली आणि ओ आली नाही, हे त्यांना खुपले. थिजलेला चेहरा निराळा आणि वाकडा चेहरा निराळा. वाकडा चेहरा ओ देतो. तोंड लपवून बसली, तर मात्र ती ओ बंद होणार.

हे मी आपल्या परीने मांडायला लागलो, इतक्यात आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने बाळाला उचलले, सुनेच्या समोर तोंड करून बसवले आणि म्हणाली, "अहो, तुमचे प्रयोग राहू द्या. तू बोल गं त्याच्याशी."

ती बोलू लागली. ओठ नीट मिटत नव्हते, त्यामुळे 'बाळ' म्हणताना 'ब' फुसकन निसटून जाई. बाळ टक लावून पाहत राहिले. खालचा ओठ पुढे आला. आता रडणार, असे वाटले. त्याने मान वळवली. मग पुन्हा पाहिले. ती हसत आणि डोळे पुसत तो 'ब' पकडण्याचा खटाटोप करीत होती. आणि या गृहस्थाने काय करावे? आपले दोन्ही ओठ दाबून थुंकीचे बुडबुडे काढले! तिकडून उत्तर आले, फुस्स. तो खदखदून हसला. पुन्हा बुडबुडे, पुन्हा फुस्स. आठवडाभरात त्याने तिचा उजवा डोळा हेरला आणि तिथेच हसू शोधायला सुरुवात केली, असे मला तरी वाटते. आजोबांची साक्ष कोर्टात टिकत नाही, हे मला वकीलसाहेबांनी सांगितलेले आहे.

दोन महिन्यांनी तिच्या कपाळाला डावीकडे पहिली आठी पडली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. सुनेच्या कपाळावरच्या आठीचे पेढे वाटणारे सासर दुसरे क्वचितच असेल. आता हसताना डावा डोळा किंचित बारीक होतो, इतकेच.

मूल वर्षाचे झाले की हाच चेहरा त्याचा पंचांग होतो. पुढे जावे की थांबावे, ते तिथे पाहायचे. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या मुलांना काचेच्या फळीवर रांगायला सोडले. फळीच्या मध्यापासून काचेखाली फूटभर खोल दिसत होते, पलीकडे आई. आईने आनंदी चेहरा केला तेव्हा 19 पैकी 14 मुले काच ओलांडून गेली. भ्यालेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही नाही. आमच्याकडे काच नाही, पण परसदारी एक उंच पायरी आहे. मी खाली हात पसरून "ये, ये" करीत असताना चिरंजीवांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मागे वळून आईकडे पाहिले, आणि मगच पाय सोडले.

पण आपल्याला आवडते ते दुसऱ्याला आवडेलच असे नाही, हे कळायला आणखी थोडे दिवस जावे लागतात. बेटी रेपाकोली आणि ॲलिसन गॉप्निक यांनी 1997 साली हे मोठ्या गमतीने दाखवले. मुलांसमोर एक बाई बिस्किटाला नाक मुरडते आणि कच्च्या ब्रॉकोलीला मिटक्या मारते; मग हात पुढे करून "दे" म्हणते. चौदा महिन्यांचे मूल बिस्किटच देते, कारण शहाण्या माणसाला आणखी काय आवडणार? अठरा महिन्यांचे मूल ब्रॉकोली देते. आमच्या नातवाने एक वाढदिवस होईपर्यंत मला पुष्कळ ओली बिस्किटे भरवली. दीड वर्षाचा झाल्यावर एके दिवशी तो बिस्किटाऐवजी माझा सुपारीचा डबा घेऊन आला. घरातल्या बायकांना ही प्रगती फारशी आवडली नाही.

चार्ल्स डार्विनने आपल्या पहिल्या मुलाची अशी टिपणे ठेवली होती, आणि ती 1877 साली, मुलगा चांगला सदतीस वर्षांचा झाल्यावर, छापली. सहा महिने अकरा दिवसांचा असताना दाई खोटे खोटे रडली, तर त्याच्या ओठांचे कोपरे खाली आले, अशी नोंद त्यात आहे. मला अधिक प्रिय आहे ती पुढची. अडीच वर्षे उलटलेला तो मुलगा जेवणघरातून बाहेर आला, तो अंगावरचे वस्त्र जपून गुंडाळून. आत काही नाही, असे सांगत होता आणि बापाला "जा" म्हणून पुन्हा पुन्हा फर्मावत होता. बापाने उलगडून पाहिले, तर लोणच्याच्या रसाचा डाग! मला वाटते, डार्विनने तेवढे उलगडायला नको होते. मला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, हे कळल्याशिवाय थाप मारता येत नाही. अर्थात ही विद्या पक्की व्हायला चार वर्षे तरी लागतात. तोवर साराच कच्चा कारभार.

गेल्या दिवाळीत आमचा नातू अडीच वर्षांचा होता. बेसनाचे लाडू वळून ताटात मांडले होते. स्वारी स्वयंपाकघरातून निघाली, ती दोन्ही हात पाठीमागे घेऊन.

"हातात काय आहे रे?"

"काही नाही. आबा, तू तिकडे जा."

ओठाला बेसन लागलेले होते. दारात सून उभी होती. तिने मला गप्प राहण्याची खूण केली, डावा डोळा मिटून.

मी तिकडे गेलो.