वर्गातला एक प्रश्न

हजरत बिलाल (रजि.) यांना हजरत अबू बकर (रजि.) यांनी विकत घेऊन आझाद केलं, हे मी बुटीबोरीतल्या वर्गात दरवर्षी अभिमानाने सांगतो. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, मग गुलामी तेव्हाच का नाही संपली?"

मी मलिक अंबरकडे वळलो. बाजारात विकला गेलेला हबशी निजामशाहीचा पेशवा झाला! पण फौजेसाठी त्यानेही हबशी गुलाम विकत घेतलेच. पुढे पेशवाईतही कुणबिणी, म्हणजे दासी, विकल्या जात.

गुलाम आझाद करणं सवाब, हे आपण मानलं. बाळगणं गुन्हा, हे मानायला शतकं लागली. ट्यूनिसने १८४६ मध्ये गुलामी बंद केली, अमेरिकेच्याही आधी. सौदीने १९६२ मध्ये. माझे अब्बा तेव्हा शाळेत जात होते.

हे शेवटचं साल सांगताना आवाज खाली गेला. तिने वहीत लिहून घेतलं.